घर दिंडोशीत, मालक आखातात : वीजबिल आणि बँकेच्या नावाने होणारी फसवणूक कशी ओळखावी?

दिंडोशी, पठाणवाडी, कुरार, संतोषनगर या भागातले आपले कितीतरी बांधव सुतारकाम, वेल्डिंग, एसी दुरुस्ती, शिलाई, ड्रायव्हिंग अशा हुन्नरावर आखाती देशांत रोजी कमावतात. कोणी दुकानाचा गाळा धाकट्या भावाच्या हाती सोपवून गेलेला असतो, तर कोणाच्या घरात वृद्ध आई-वडील एकटे राहत असतात. काही घरे वर्षातले दहा-अकरा महिने कुलूपबंदच असतात. वीजबिल, गॅसचे बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, बँकेचा हप्ता हा सारा कारभार आता परदेशात बसून मोबाईलवर चालतो. ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. पण याच दारातून चोरही आत येऊ लागला आहे, आणि तो एका फोनमध्ये अनेक वर्षांची हलाल कमाई घेऊन जातो.

या चोरीला बळी पडणारे लोक अडाणी असतात, हा समज चुकीचा आहे. शिकलेले, व्यापारात मुरलेले लोकही फसतात. परदेशात असलेल्या घरमालकाची अडचण अशी की, त्याला आपल्या घराची खरी परिस्थिती डोळ्यांनी पाहता येत नाही. बिल भरले गेले की नाही, नोटीस आली की नाही, हे त्याला नक्की ठाऊक नसते. चोर याच शंकेवर बोट ठेवतो. म्हणून या लेखात आम्ही फसवणुकीच्या पद्धती, त्याबाबतचे नियम आणि त्यावरचे उपाय क्रमाने मांडत आहोत.

"आज रात्री वीज तोडली जाईल"

२०२२ साली देशभर एका संदेशाने धुमाकूळ घातला. आपले मागील महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याला फोन करा, असा त्याचा मजकूर. खाली एक साधा मोबाईल क्रमांक. हाच डाव शब्द बदलून आजही खेळला जातो, आणि गॅस कंपनीच्या नावानेही खेळला जातो.

वेळ कशी निवडली आहे ती पाहावी. मुंबईत रात्रीचे साडेनऊ म्हणजे सौदी, कुवेत, कतार येथे संध्याकाळचे सात आणि दुबई, मस्कत येथे आठ. माणूस कामावरून थकून आलेला असतो. मुंबईतले कार्यालय बंद असते, चौकशी करावी तर कोणाकडे? घरी आई आजारी आहे, अंधारात बसेल, या काळजीने तो दिलेल्या क्रमांकावर फोन लावतो.

समोरचा माणूस नम्रपणे बोलतो. बिल भरलेले आहे, फक्त नोंद व्हायची राहिली आहे, दहा रुपये भरा म्हणजे नोंद होईल, असे तो सांगतो. त्यासाठी तो मोबाईलमध्ये एक ॲप घ्यायला लावतो. हे ॲप पुष्कळदा दुसऱ्याचा मोबाईल दुरून पाहण्याचे व चालवण्याचे साधन असते. संगणक दुरुस्त करणारे लोक ते प्रामाणिकपणे वापरतात, चोर चोरीसाठी वापरतो. आपण दहा रुपये भरण्यासाठी जो पिन टाकतो, जो ओटीपी येतो, तो त्यालाही दिसतो. दहा रुपये जातात आणि त्यांच्यामागून खात्यातली सारी शिल्लक जाते. अशा ॲपच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. अलीकडे ॲपची फाइलच व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. ती उघडली की मोबाईलमधले संदेश परस्पर चोराकडे जाऊ शकतात.

कायदा काय सांगतो?

विद्युत कायदा, २००३ याच्या कलम ५६ प्रमाणे, बिल थकले तरी कंपनीला वीज तोडण्यापूर्वी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. बिलाच्या रकमेबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून ती रक्कम जमा केल्यास वीज तोडता येत नाही, अशीही तरतूद त्याच कलमात आहे. म्हणजे थकबाकीपोटी 'आज रात्री साडेनऊला' वीज तोडण्याची धमकी कायद्यात बसतच नाही. हे एक कलम घरातल्या प्रत्येकाला माहीत असेल, तर या डावाची अर्धी ताकद जागीच संपते.

दुसरी खूण कंपनीच्या नावात असते. दिंडोशीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'बीएसईएस' हेच नाव आहे. तो व्यवसाय पुढे रिलायन्सकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ पासून 'अदानी इलेक्ट्रिसिटी मुंबई' या नावाने चालू आहे. उपनगरात टाटा पॉवरचेही ग्राहक आहेत. मुंबई शहरात 'बेस्ट' आहे. भांडुप-मुलुंडकडे व कोकणातल्या आपल्या गावी महावितरण आहे. तेव्हा दिंडोशीच्या घरासाठी 'महावितरण'च्या नावाने संदेश आला तर तो तिथेच खोटा ठरतो. पण ज्यांचे एक घर दिंडोशीत आणि दुसरे रत्नागिरी-रायगडात आहे, त्यांचा इथे गोंधळ होतो. त्यांनी दोन्ही घरांचे ग्राहक क्रमांक वेगवेगळे लिहून ठेवावेत. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो. आपले अधिकृत संदेश खासगी मोबाईल क्रमांकावरून येत नसतात, असे महावितरणने २०२२ मध्ये ग्राहकांना कळवले होते. हीच कसोटी इतर कंपन्यांच्या संदेशालाही लावावी.

मालमत्ता कराचेही तसेच आहे. मुंबई महानगरपालिका हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ करण्यात आला. ज्याचे घर साडेतीनशे फुटांचे आहे, त्याला 'कर भरा, नाहीतर उद्या जप्ती' असा संदेश आला तर त्याने तो कोणत्या दृष्टीने पाहावा, हे वेगळे सांगायला नको. दुकानाच्या गाळ्याला मात्र ही माफी नाही, हे व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे.

आता मुख्य उपाय. संदेशातल्या क्रमांकावर फोन करू नये, त्यातली लिंक उघडू नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बिल भरण्याचे जे सदर असते, तिथे आपला ग्राहक क्रमांक एकदाच नीट नोंदवून ठेवावा. बिल बाकी असेल तर ते तिथे नाव आणि रकमेसह दिसते. दोन मिनिटांत खरे काय ते कळते. परदेशात राहणाऱ्यांना भारतातील बिले परस्पर भरता यावीत म्हणून भारत बिल पेमेंट व्यवस्था त्यांना खुली करण्याची घोषणाही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये केली. आपल्या एक्सचेंजमध्ये ही सोय आहे का, याची चौकशी करावी.

मीटर आपल्या नावावर आहे का, हेही पाहावे. घर विकत घेऊन दहा वर्षे झाली तरी मीटर जुन्या मालकाच्या नावावर आणि मोबाईल क्रमांक एजंटचा, असे प्रकार दिंडोशीत थोडे नाहीत. अशा घराची खरी सूचना मालकाला मिळत नाही, म्हणून खोट्या सूचनेवर त्याचा विश्वास बसतो. पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर हे काम आधी उरकावे.

बँकेच्या नावाने येणारा फोन

"तुमचे केवायसी संपले आहे, खाते आज बंद होईल." बहुतेक वाचकांना हे वाक्य ओळखीचे असेल. मार्च २०२३ मध्ये मुंबईत एका खासगी बँकेचे सुमारे चाळीस खातेदार तीन दिवसांच्या आत अशाच संदेशाने फसले. लिंक उघडली की हुबेहूब बँकेसारखे पान दिसे. तिथे त्यांनी पासवर्ड आणि ओटीपी स्वतःच्या हाताने भरला.

केवायसी ठराविक मुदतीने नव्याने करावे लागते, हे खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे जास्त जोखमीच्या खात्यांसाठी ही मुदत दोन वर्षे, मध्यम जोखमीच्या खात्यांसाठी आठ वर्षे आणि कमी जोखमीच्या खात्यांसाठी दहा वर्षे आहे. माहितीत काहीच बदल नसेल तर नोंदवलेल्या ईमेलवरून, मोबाईलवरून किंवा पत्राने तसे कळवले तरी चालते. यात पासवर्ड, पिन, ओटीपी यांचा कुठेही संबंध येत नाही. जो तो मागतो, तो बँकेचा माणूस नव्हे. त्याच्या बोलण्यात मॅनेजरचे नाव असो, शाखेचा पत्ता असो, की आपल्या खात्याचे शेवटचे चार अंक असोत.

अनिवासी बांधवांची एक खास दुखरी नस आहे आणि चोराला ती ठाऊक आहे. परदेशात नोकरीला गेल्यावर साधे बचत खाते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावे लागते, असा परकीय चलनविषयक नियम आहे. पुष्कळांनी ते केलेले नसते. मग फोन येतो की, तुमचे खाते बेकायदा आहे, दंड होईल, पासपोर्ट अडकेल. मनात आधीच धाकधूक असलेला माणूस लगेच शरण जातो. यावर उपाय सोपा आहे. आपल्या शाखेत रीतसर अर्ज करून खाते बदलून घ्यावे आणि परदेशातील कमाईसाठी 'एनआरई' खाते उघडावे. ज्याचे कागद साफ आहेत, त्याला धमकीचा धाक राहत नाही.

ओळखण्याच्या आणखी दोन खुणा सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या नावाखाली आणण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तेव्हा पत्त्याचा शेवट नीट पाहावा. बँकांनी ग्राहकसेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असेही त्याच वर्षी सांगण्यात आले. तरीही फोनवर दिसणाऱ्या क्रमांकावर सारा भरवसा ठेवू नये. फोन ठेवावा आणि डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा.

मोबाईल क्रमांक म्हणजे तिजोरीची किल्ली

गावाकडचे सिमकार्ड आपण पेटीत ठेवून देतो आणि वर्षभर त्यात रिचार्ज करत नाही. प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस वापरात नसेल तर तो बंद होऊ शकतो, आणि काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. आपल्या खात्याला तोच क्रमांक जोडलेला असेल तर आपले ओटीपी परक्याच्या हाती जातात. म्हणून भारतातला क्रमांक चालू ठेवावा. ते जमत नसेल तर आधी बँकेत क्रमांक बदलावा आणि मगच सिम सोडावे. चालू सिम अचानक बंद पडले, नेटवर्क जाऊन परत येईना, तर कोणी आपल्या नावाने दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी बँकेला कळवून खाते गोठवावे, सिमची चौकशी नंतर करावी.

जानेवारी २०२३ पासून काही देशांतील मोबाईल क्रमांकावर एनआरई व एनआरओ खात्याचे यूपीआय चालवण्यास परवानगी मिळाली. पहिल्या दहा देशांत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, ओमान आणि कतार यांचा समावेश होता. आपल्या बँकेने ही सोय दिली आहे का, ते विचारावे. एक गोष्ट मात्र पाठ करून ठेवावी : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही.

गल्ला वेगळा, तिजोरी वेगळी

कोणताही शहाणा दुकानदार दिवसभराच्या सुट्ट्या पैशांसाठी गल्ला ठेवतो, आणि साठवलेली रक्कम गल्ल्यात ठेवत नाही. बँकेतही हेच करावे. बिले, मेंटेनन्स, घरखर्च यांसाठी एक छोटे खाते ठेवावे, त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असावी आणि यूपीआय व डेबिट कार्ड त्याच खात्याला जोडावे. मुलीचे लग्न, हजचा खर्च, दुकानाचे भांडवल यांची रक्कम दुसऱ्या खात्यात ठेवावी आणि त्या खात्यावर यूपीआय ठेवूच नये. दोन्ही खात्यांवर दिवसाची मर्यादा कमी करून ठेवावी. उद्या दुर्दैवाने चोर घुसलाच, तर त्याच्या हाती गल्ला लागेल, तिजोरी लागणार नाही.

घरच्या माणसाला व्यवहार करता यावा म्हणून आपण डेबिट कार्ड आणि पिन त्याच्या हवाली करतो. हे टाळावे. एनआरई व एनआरओ खात्यांवर मुखत्यारपत्राने भारतातील देणी भागवण्याचा अधिकार देता येतो. मुखत्याराला ती रक्कम खातेदाराशिवाय दुसऱ्या कोणाला परदेशी पाठवता येत नाही किंवा खातेदाराच्या वतीने बक्षीस म्हणून देता येत नाही, असे बंधनही त्यावर आहे. व्यवहार लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती पाळल्याने भावाभावांतला विश्वास कमी होत नाही, उलट उद्याचे भांडण टळते.

घरच्यांशी एकदा बसून बोला

चोर नेहमी मालकालाच फोन करतो असे नाही. तो दिंडोशीच्या घरी अम्मीला फोन करतो : "तुमच्या मुलाला तिथल्या पोलिसांनी पकडले आहे, सोडवायचे असेल तर लगेच पैसे पाठवा." किंवा व्हिडिओवर पोलिसाच्या गणवेशात बसतो आणि 'डिजिटल अरेस्ट' झाली असे सांगून तासन्‌तास फोन ठेवू देत नाही. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरून देशाला हेच सांगितले होते.

म्हणून घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, जो फक्त घरच्यांनाच ठाऊक असेल. अडचणीचा फोन आला तर आधी तो शब्द विचारावा, मग फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन लावावा. तो लागला नाही तर त्याच्या खोलीतल्या सोबत्याला लावावा. सूरह हुजुरातमध्ये, बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर कृती करण्याआधी तिची तहकीक करण्याचा हुकूम आहे. आपल्या काळात ही तहकीक मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक बातमीला लागू पडते.

आणखी एक इशारा घरातल्या तरुणांसाठी. "तुझे खाते वापरू दे, महिन्याला काही हजार देतो," असे सांगणारे लोक वस्तीत फिरतात. अशा भाड्याच्या खात्यांतूनच लुटीचा पैसा पुढे सरकतो. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. ती कमाई हलालही नाही आणि सुरक्षितही नाही.

तरीही फसलोच तर?

पहिला तास मोलाचा असतो. भारतातून १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. चोराच्या खात्यातून रक्कम पुढे काढली गेली नसेल तर ती तिथेच अडवता येते. परदेशातून हा लघुक्रमांक लागेलच असे नाही. म्हणून बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक आधीच नोंदवून ठेवावा आणि १९३० वर फोन करण्यासाठी दिंडोशीतला एक विश्वासू नातेवाईक ठरवून ठेवावा. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि चोराचा मोबाईल क्रमांक जवळ ठेवावा. संदेश पुसून टाकू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असे उत्तर मिळाले तर हे कलम नम्रपणे दाखवावे.

बँकेला लेखी कळवण्यात एक दिवसही घालवू नये. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलेले तत्त्व असे : चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर नुकसानीचा भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याची जबाबदारी मर्यादित राहते, साध्या बचत खात्यासाठी ती दहा हजार रुपयांपर्यंत. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे नुकसान बँकेचे. म्हणजे आपली चूक असली तरी लवकर कळवण्यात फायदाच आहे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर टाकलेला आहे. हे नियम रिझर्व्ह बँक वेळोवेळी सुधारत असते, म्हणून सध्याची मर्यादा आपल्या बँकेकडून लेखी मागून घ्यावी.

आखातातल्या बांधवांनी इथे एक हिशेब नीट समजून घ्यावा. हे कामकाजाचे दिवस आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजले जातात. सौदी किंवा कुवेतमध्ये शुक्रवारी सुट्टी असली तरी मुंबईच्या शाखेचा तो कामाचाच दिवस असतो. 'सुट्टी संपल्यावर पाहू' म्हणणाऱ्याचा एक दिवस इथेच बुडतो. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

या सर्वांत मोठा अडथळा लाजेचा असतो. लोक काय म्हणतील, भाऊ हसतील, बायको रागावेल, म्हणून माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात रक्कम दहा खात्यांतून फिरून नाहीशी होते. लाज चोराला वाटली पाहिजे. ज्याची अमानत लुटली गेली, त्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

या शुक्रवारी एवढे करा

वाचून पान बाजूला ठेवू नये, अशी आमची विनंती आहे. येत्या जुम्याच्या नमाजनंतर घरच्यांना फोन करून पाच कामे करावीत. एक, वीज व गॅसचे ग्राहक क्रमांक वहीत लिहून घ्यावेत आणि बँकेच्या ॲपमध्ये नोंदवावेत. दोन, मीटरवर नाव व मोबाईल क्रमांक कोणाचा आहे ते तपासावे. तीन, खर्चाचे खाते आणि साठवणीचे खाते वेगळे करावे. चार, घरात खुणेचा शब्द ठरवावा आणि १९३० हा आकडा मीटरच्या पेटीजवळ मोठ्या अक्षरांत चिकटवावा. पाच, पंधरा दिवसांच्या सूचनेचा नियम अम्मी-अब्बांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावा. या साऱ्याला अर्धा तास पुरतो, आणि हे ज्याने केले, त्याच्या घरी रात्री साडेनऊची धमकी आली तरी तो शांतपणे फोन खाली ठेवू शकेल.